सेनेक्स आणि म्हातारा : वार्धक्यवाचक लॅटिन शब्दांच्या अभ्यासाची प्रस्तावना

लॅटिन भाषेत म्हाताऱ्या माणसासाठी एकच एक शब्द नाही. पुरुष असेल तर सेनेक्स, बाई असेल तर अनुस, सैन्यात वर्षानुवर्षं काढलेला असेल तर वेतेरानुस, अगदी खंगलेला असेल तर देक्रेपितुस. पंचेचाळिशी ओलांडलेला पण अजून साठीच्या आतला असेल तर सेनिऑर. शिवाय नाटकांतले गुलाम आपल्या धन्याला पाठीमागे ज्या नावांनी ओळखतात ती वेगळीच. हे शब्द कुठून आले, कुणी कुणाला लावले आणि दोन हजार वर्षांत त्यांचं काय झालं, हा भाषाशास्त्र आणि रोमचा सामाजिक इतिहास यांच्या सीमेवरचा विषय आहे. आकाराने लहान, पण जिथे खणावं तिथे पाणी लागतं. मराठी वाचकाला त्यात उतरण्यासाठी आधी लॅटिन शिकून यायची गरज नाही. संस्कृतची थोडी ओळख आणि आपल्या म्हणी-शिव्यांची जाण एवढी शिदोरी असली तरी बरंच अंतर कापता येतं.

सुरुवात धातूपासून करू, कारण नवा अभ्यासक नेहमी तिथूनच आत शिरतो. सेनेक्समधला 'सेन्' हा अंश भारोपीय कुळातल्या अनेक भाषांत सापडतो. लिथुआनियन भाषेत 'सेनास' म्हणजे जुना, प्राचीन आयरिशमध्ये 'सेन' म्हणजे म्हातारा, आणि वेदातल्या संस्कृतात 'सन' म्हणजे पुरातन. आपण रोज ऐकतो तो 'सनातन' याच घरातला. पण नातं सापडलं की काम संपलं, असं समजू नये. खरं काम तिथून पुढे सुरू होतं. संस्कृतात 'सन' हा शब्द काळाकडे वळला. जे पूर्वापार चालत आलं, जे टिकून राहिलं, त्याला तो लागला. माणसासाठी संस्कृतने वृद्ध, स्थविर, जरठ असे दुसरे शब्द घेतले. लॅटिनने मात्र 'सेनेक्स' माणसासाठीच राखून ठेवला. दारू जुनी असेल, मैत्री जुनी असेल, वाडा जुना असेल, तर रोमन माणूस 'वेतुस' म्हणतो. एकच मूळ शब्द एका भाषेत परंपरेचा झाला आणि दुसरीत घरातल्या म्हाताऱ्याचा. धातू आपल्याला फक्त आरंभबिंदू सांगतो. पुढची वाट भाषा बोलणारे ठरवतात.

वेतुसची कुळकथा तर थेट गोठ्यात जाते. ग्रीकमध्ये 'एतोस' म्हणजे वर्ष, संस्कृतात 'वत्सर' म्हणजे वर्ष, आणि 'वत्स' म्हणजे मुळात एका वर्षाचं जनावर. 'वत्सरूप'वरून आपलं वासरू आलं. तेव्हा वेतुस म्हणजे 'ज्याच्या अंगावर वर्षं आहेत असा' आणि वासरू म्हणजे 'ज्याच्या अंगावर एकच वर्ष आहे असं'. लॅटिनमध्ये ओझी वाहणाऱ्या जनावरांना 'वेतेरिना' म्हणत. हा शब्दही वेतुसशीच जोडलेला असावा असं बरेच अभ्यासक मानतात. तसं असेल तर गुरांच्या डॉक्टरला आपण 'व्हेटर्नरी' म्हणतो, तेव्हा तो शब्द आणि समोरचं वासरू हे एकाच कुळातले ठरतात.

आता सेनिऑर, ज्याचा 'सिनियर' आपण बँकेच्या काउंटरवर आणि रेल्वेच्या तिकिटावर रोज वाचत आलो. व्याकरणाने हे सेनेक्सचं तरतमवाचक रूप आहे, म्हणजे 'अधिक म्हातारा'. पण वापरात सेनिऑर हा सेनेक्सपेक्षा तरुण असतो. इ.स. 238 मध्ये लिहिलेल्या आपल्या छोट्या ग्रंथात सेन्सोरिनुस हा लेखक वार्रोने केलेली आयुष्याची विभागणी देतो. पंधरापर्यंत पोर, तीसपर्यंत वाढता तरुण, पंचेचाळीसपर्यंत जवान, साठपर्यंत सेनिऑर आणि त्यापुढे सेनेक्स. ही विभागणी लष्कराच्या हिशेबाशी जुळते. लिव्ही सांगतो की सर्व्हिउस तुल्लिउस राजाच्या व्यवस्थेत तरुण बाहेर लढायला जात आणि सेनिऑर गावाची राखण करत. म्हणजे सेनिऑर हा मोडलेला माणूस नव्हे. तो तटावर उभा राहू शकणारा माणूस आहे. 'अधिक' लावल्याने वय वाढण्याऐवजी सौम्य झालं. 'म्हातारा' म्हणण्यापेक्षा 'वयाने मोठे' म्हणणं आपल्यालाही सोपं जातं, ते याच कारणाने.

सेनेक्सवरूनच सेनातुस, म्हणजे रोमची वडीलधाऱ्यांची सभा. स्पार्टातही असंच होतं. तिथल्या 'गेरूसिया'त दोन राजे आणि साठी उलटलेले 28 जण बसत, आणि तिचं नाव 'गेरोन', म्हणजे म्हातारा, यावरूनच पडलं. पण रोमच्या बाबतीत नावावर विसंबून चालणार नाही. इ.स.पू. 81 मधल्या सुल्लाच्या सुधारणांनंतर तिशीत क्वेस्तर, म्हणजे खजिन्याचा अधिकारी, झालेला माणूस सेनातुसात जाऊन बसत असे, आणि ऑगस्टसच्या काळात ही अट पंचविशीपर्यंत खाली आली. उलट तत्त्वज्ञ सेनेका लिहितो की पन्नाशीनंतर कायदा माणसाला सैन्यात घेत नाही आणि साठीनंतर सेनातुसात बोलावत नाही. म्हाताऱ्यांच्या नावाची सभा, आणि खरा म्हातारा झाला की तिथे येण्याचं बंधन संपलं! रोमकरांच्या तोंडी एक जुनी म्हणही होती, साठी झालेल्यांना पुलावरून खाली ढकला अशा अर्थाची. तिचा उगम त्यांच्या विद्वानांनाही नीट उमगला नव्हता. कुणी तिबेर नदीत दरवर्षी टाकल्या जाणाऱ्या गवताच्या बाहुल्यांशी तो जोडला. कुणी सांगितलं की 'पूल' म्हणजे मतदानाला जाण्याची अरुंद फळी, आणि साठीनंतर मत नाही म्हणून तरुण म्हाताऱ्यांना तिथून हटवत. 'साठी बुद्धी नाठी' म्हणणाऱ्या आपल्या समाजाला साठ या आकड्याची ही धार समजावून सांगायला नको.

पण सेनिऑरचा पुढचा प्रवास या सगळ्याच्या उलट दिशेने झाला. रोमचं साम्राज्य गेल्यावर पश्चिम युरोपात जमिनीच्या मालकाला, ज्याच्या आश्रयाला राहायचं त्याला, सेनिऑर म्हणू लागले. त्याचं वय कुणी विचारत नव्हतं. त्यातून फ्रेंचमधला 'सेन्यर', इटालियनमधला 'सिन्योरे', स्पॅनिशमधला 'सेन्योर' आणि चार शतकं गोव्याच्या कचेऱ्यांत वावरलेला पोर्तुगीज 'सिन्योर' आला. फ्रेंच 'सीर' इंग्लंडला पोचला आणि 'सर' झाला. आज मराठी शाळेतली मुलं 'सर' म्हणतात, तेव्हा त्या दोन अक्षरांत 'अधिक म्हातारा' हा लॅटिन अर्थ झिजून बसलेला असतो.

याच्या शेजारी आपला 'म्हातारा' ठेवून पाहा. हा शब्द संस्कृत 'महत्तर'वरून आला असं व्युत्पत्तिकार मानतात, आणि 'महत्तर' हेही तरतमवाचक रूप आहे, म्हणजे 'अधिक मोठा'. जुन्या ताम्रपटांत महत्तर हे गावातल्या प्रमुख मंडळींचं नाव आहे. दान दिलं की ते त्यांना कळवलं जाई. म्हात्रे हे आडनावही याच शब्दाशी जोडतात. म्हणजे लॅटिनमध्ये वय सांगणारा शब्द मानाचा झाला आणि मराठीत मान सांगणारा शब्द वयाचा झाला. दोन्हीकडे माणसं त्याच रस्त्यावरून चालली, फक्त समोरासमोरून. या अभ्यासाचं माझ्या दृष्टीने मर्म इथेच आहे. वय आणि अधिकार यांच्यामध्ये शब्दांची ये-जा सतत चालू असते. एखाद्या काळात ती कोणत्या दिशेने चालली आहे हे पाहिलं, की त्या समाजाने म्हाताऱ्याला कुठे बसवलं होतं ते कळतं. अरबीतला 'शेख' मुळात म्हातारा, ग्रीकमधला 'प्रेस्बुतेरोस' म्हणजे 'वयाने मोठा', आणि त्याच्यापासून ख्रिस्ती धर्मगुरूचं नाव 'प्रीस्ट'. यादी लांबवता येईल, पण तपासायचं सूत्र तेच राहतं.

सभा आणि दरबार सोडून आता रंगमंचाकडे येऊ. प्लाउतुसच्या नाटकांत सेनेक्स हे ठरलेलं पात्र आहे. पैसा दाबून ठेवणारा बाप, पोराच्याच प्रेयसीवर डोळा असलेला म्हातारा, शेजाऱ्याला मदत करणारा जिंदादिल गृहस्थ, असे त्याचे प्रकार. 'बढाईखोर सैनिक' या नाटकातला पेरिप्लेक्तोमेनुस हा तिसऱ्या प्रकारातला. त्याचं म्हातारपण मध्ये आणलं जातं, तेव्हा तो उसळतो. मी काय इतका गेलेला दिसतो, माझं वय अवघं चोपन्न, डोळ्यांना स्वच्छ दिसतं, हात चपळ आहेत, पाय चालतात, असं तो सुनावतो. त्या रागात तो दोन शब्द वापरतो. एक 'आखेरुन्तिकुस', म्हणजे मृतांच्या लोकातल्या आखेरोन नदीचा रहिवासी. दुसरा 'कापुलारिस', म्हणजे तिरडीवर ठेवायला तयार. तेरेन्तिउसच्या एका नाटकात गुलाम आपल्या धन्याच्या करड्या भावाला याहून पुढचं नाव देतो. 'सिलिकेर्नियुम', म्हणजे अंत्यविधीचं जेवण. ज्याच्या गोवऱ्या मसणात गेल्या, ज्याचे डोळे पैलतीरी लागले, असं म्हणणाऱ्या भाषेतल्या वाचकाला या शब्दांवर टीप लागत नाही. इतर युरोपीय भाषांतले भाष्यकार इथे ओळीच्या ओळी खर्च करतात. आपल्याला नदी, तिरडी आणि तेराव्याची पंगत आधीच ठाऊक आहे.

या थट्टेला गंभीर उत्तर दिलं ते किकेरोने (सिसेरोने). इ.स.पू. 44 मध्ये, स्वतःच्या बासष्टीत, त्याने म्हातारपणावर एक संवाद लिहिला आणि मित्र अत्तिकुसला अर्पण केला. त्यात बोलतो तो चौऱ्याऐंशी वर्षांचा कातो. नाटकांतल्या मूर्ख म्हाताऱ्यांचा विषय निघतो तेव्हा कातो म्हणतो की भोळसटपणा, विसराळूपणा, ढिलेपणा हे वयाचे दोष नव्हेत. ते आळशी, पेंगणाऱ्या म्हातारपणाचे आहेत, आणि प्रत्येक म्हातारा तसा नसतो. त्या बरळण्याला लॅटिनमध्ये रुळलेला शब्द 'देलिरातिओ' तो इथे वापरतो. या शब्दावर जरा थांबायला हवं. 'लीरा' म्हणजे नांगराने पडलेली सरी, शेतकऱ्याच्या भाषेत तास. 'देलिरारे' म्हणजे तास सोडून भरकटणं. बैल वळला, फाळ सरकला, रेघ वाकडी झाली. आज हॉस्पिटलात रात्रीच्या वेळी ओळख विसरणाऱ्या रुग्णाच्या कागदावर डॉक्टर 'डिलिरियम' लिहितात, तो हाच शब्द. आणि कातो स्वतः शेतीवर पुस्तक लिहिणारा माणूस. त्याच्या तोंडी हा शब्द येतो तेव्हा त्याला नांगराची आठवण असणारच, असं मला ठामपणे वाटतं.

बाईसाठीचा शब्द मात्र वेगळ्या नशिबाचा. 'अनुस'मधला पहिला स्वर ऱ्हस्व आहे. दीर्घ स्वराचा शरीरशास्त्रातला शब्द वेगळा, त्याचा अर्थ कडं. आपल्या दिन आणि दीन यांच्यासारखंच हे अंतर आहे. ऱ्हस्व 'अनुस'चा मूळ अर्थ आजीचा असावा. हित्ती भाषेत 'हन्ना' म्हणजे आजी. पण सेनेक्स आणि अनुस या दोन नामांपासून बनलेली विशेषणं शेजारी ठेवली की रोमचा पक्षपात उघडा पडतो. 'सेनिलिस' म्हणजे म्हाताऱ्याला साजेसं, चांगलं किंवा वाईट. 'अनिलिस' म्हणजे म्हातारीला शोभणारं, म्हणजेच जवळजवळ नेहमी खुळचट. अंधश्रद्धा म्हणायची असली, बिनबुडाची गोष्ट म्हणायची असली, की किकेरोसारखा लेखक हे विशेषण उचलतो. म्हाताऱ्यांची सभा झाली, म्हातारीच्या वाट्याला भाकडकथा आल्या. तरी नाम तितकं विटाळलं नाही. ओविदने बाउकिस या फ्रिगियातल्या गरीब बाईला अनुसच म्हटलं आहे, आणि तिच्याइतकी सुरेख यजमानीण लॅटिन साहित्यात दुसरी नाही. वेश पालटून आलेल्या दोन देवांना ती घरात घेते. राखेखालचा विस्तव फुंकून जागा करते. तिपाई मेजाचा एक पाय आखूड आहे, म्हणून ती त्याखाली खापराचा तुकडा सरकवते, मग मेज पुदिन्याने पुसते. अनुस या शब्दाचा अर्थ शिकवायचा असेल तर मी कोशाआधी ही जागा वाचायला सांगतो.

जुन्या विद्वानांच्या चुकीच्या व्युत्पत्तींचाही या अभ्यासात उपयोग आहे. त्या फेकून देऊ नयेत. इ.स. 636 मध्ये वारलेला सेव्हिलचा बिशप इसिदोर आपल्या व्युत्पत्तींच्या ग्रंथात सांगतो की काहींच्या मते सेनेक्स हा शब्द 'सेन्सुस', म्हणजे जाणीव, कमी होण्यावरून आला. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हे निराधार आहे. पण सातव्या शतकातल्या एका शहाण्या माणसाला हे पटण्यासारखं वाटलं, ही नोंद समाजाच्या इतिहासात मोलाची आहे.

बोलीतल्या लॅटिनने तर सेनेक्सला बाजूलाच सारलं. वेतुसचं लघुत्वदर्शक रूप 'वेतुलुस' हे आधी जरा हिणवण्याचं होतं, पण पुढे तेच रोजच्या वापरात आलं. त्यातून इटालियन 'वेक्यो', स्पॅनिश 'व्येखो', फ्रेंच 'व्ये' आणि पोर्तुगीज 'वेल्यु'. जुन्या गोव्याच्या 'वेल्हा गोवा' या नावात त्याचं स्त्रीलिंगी रूप आजही उभं आहे, आणि गोव्याच्या इतिहासात 'जुनी काबिजाद' म्हणतात त्या मुलखाच्या पोर्तुगीज नावातही. हिणकस शब्द साधा होऊन बसला. आपल्याकडे याची उलट बाजू दिसते. भाजे लेण्यांतल्या स्तूपांवर ज्या ज्येष्ठ भिक्षूंची नावं कोरली आहेत त्यांना 'थेर' म्हटलं आहे, संस्कृत 'स्थविर'चं प्राकृत रूप. त्याच थेराला 'डा' जोडून मराठीने 'थेरडा' केला. लेण्यात पूजनीय असलेला शब्द भांडणात शिवी झाला.

या विषयातली मला सर्वांत जिव्हाळ्याची जागा सेनेकाच्या पत्रांत आहे. आयुष्याच्या शेवटच्या काही वर्षांत त्याने लुकिलिउसला लिहिलेलं बारावं पत्र पाहा. तो गावाबाहेरच्या आपल्या वाड्यावर जातो आणि दुरुस्तीचा खर्च पाहून कारभाऱ्यावर चिडतो. कारभारी म्हणतो, माझी हयगय नाही, वाडाच जुना झालाय. तो वाडा सेनेकाने स्वतः बांधलेला. चिनारांची निगा नाही म्हणून तो रागावतो, तर ती झाडंही त्यानेच लावलेली. मग दाराशी एक दात पडलेला माणूस दिसतो. सेनेका विचारतो, हा 'देक्रेपितुस' कोण? तो म्हणतो, ओळखलं नाही? मी फेलिकिओ, लहानपणी तुम्ही मला मातीच्या बाहुल्या आणून देत होता. पुढे सव्विसाव्या पत्रात सेनेका स्वतःबद्दल लिहितो की मी 'सेनेक्तूस', म्हणजे म्हातारपणाची पायरी, मागे टाकली असावी. तो शब्द थकलेल्या वयाचा आहे, मोडलेल्या वयाचा नाही. मला आता देक्रेपितुसांत मोज. दाराशी उभ्या असलेल्या माणसाला लावलेला शब्द तो चौदा पत्रांनंतर स्वतःला लावतो. दोन शब्दांतला फरक कोशाने सांगितला असता तर एका ओळीत संपला असता. इथे त्यासाठी एक माणूस आपला वाडा, आपली झाडं आणि आपला बालमित्र घेऊन उभा राहतो.

आधुनिक काळाबद्दल थोडक्यात. 1903 मध्ये मेचनिकॉव्हने वार्धक्याच्या शास्त्राला नाव दिलं, 1909 मध्ये नाशरने वृद्धांच्या वैद्यकाला. दोघांनीही लॅटिन टाळून ग्रीककडे धाव घेतली. जेरॉन्टॉलॉजी 'गेरोन'वरून, म्हणजे आपल्या 'जरा' आणि 'जर्जर' यांच्या कुळातून, आणि जेरियाट्रिक्स म्हातारपण सांगणाऱ्या 'गेरास'वरून. लॅटिनकडे उरलं ते 'सिनाइल' हे रोगाचं विशेषण आणि 'सिनियर' हा नागरिकाचा दर्जा. भारतात 2007 च्या कायद्याने साठी पूर्ण केलेला नागरिक 'सिनियर सिटिझन' ठरतो, आणि मराठीत आपण त्याला 'ज्येष्ठ नागरिक' म्हणतो. पाणिनीने 'ज्येष्ठ' हे रूप 'प्रशस्य' आणि 'वृद्ध' या दोन्ही शब्दांसाठी सांगितलं आहे. सर्वांत स्तुत्य आणि सर्वांत वयस्क, दोघांना एकच शब्द.

नव्या अभ्यासकाने वाचनाचा क्रम कसा ठेवावा? आधी सेनेकाची ही दोन पत्रं, मग किकेरोचा संवाद, मग ओविदची बाउकिस. प्लाउतुस शेवटी, कारण त्याची थट्टा समजायला आधी गांभीर्य माहीत असावं लागतं. प्रत्येक ठिकाणी शब्द कोण बोलतंय, कुणाविषयी, आणि ऐकणारा समोर आहे की नाही, हे टिपून ठेवावं. करण्यासारखं कामही भरपूर उरलेलं आहे. म्यूनिकमध्ये 1894 पासून चाललेला लॅटिनचा महाकोश अनुसच्या पलीकडे केव्हाच गेला, पण सेनेक्सच्या अक्षरापर्यंत अजून पोचलेला नाही. तोवर या शब्दाचे दाखले ग्रंथांतून हातानेच वेचावे लागतात. मराठीच्या बाजूने तर ताम्रपटांतला महत्तर, लेण्यांतला थेर आणि बोलीतले म्हातारा, म्हातारडा, थेरडा यांचा सलग इतिहास कुणीतरी लिहायला हवा, लॅटिन दाखले शेजारी ठेवून. ज्याला संस्कृत-प्राकृत येतं आणि लॅटिन शिकायची तयारी आहे, असा मराठी विद्यार्थी हे काम युरोपातल्या कुणाहीपेक्षा चांगलं करू शकेल.